दुधी काचेवरचं सरळ घर

मित्रांनो, लोक मला दुर्मीळ म्हणतात. कुणी कमरेवर हात ठेवून माझ्याभोवती फिरतं, "वा, काय चीज आहे!" म्हणतं, आणि मला कुठे तोंड लपवू असं होऊन जातं. तोंड म्हणजे माझं पुढचं भिंग. ते झाकायचं झाकण कधीच हरवलं. त्यामुळे सगळं कौतुक मला उघड्या तोंडाने ऐकून घ्यावं लागतं.

मी एक जुना मोनोरेल कॅमेरा आहे. नावावरून आगगाडी डोळ्यांपुढे आणू नका. माझ्या अंगाखाली एकच धातूचा दांडा आहे आणि त्यावर दोन चौकटी उभ्या आहेत. पुढच्या चौकटीत भिंग, मागच्या चौकटीत दुधी काच, आणि दोन्हींच्या मध्ये घड्याघड्यांचा काळा भाता. या चौकटी वरखाली होतात, बाजूला सरकतात, मानही वळवतात. उंच इमारतीचा फोटो खालून काढला की ती मागे रेलल्यासारखी दिसते ना? माझ्यातून ती ताठ दिसते. वाकडं दिसणारं सरळ करून दाखवणं, एवढंच मला शिकवलेलं आहे. त्याच शिक्षणाने माझी मान खाली गेली.

मला घडवलं ते एका लहानशा कारखान्यात. तो कारखाना दोन भावांचा होता आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक म्हणायचा कॅमेरा हलका हवा, दुसरा म्हणायचा भक्कम हवा. शेवटी मी जड झालो आणि नाजूकही झालो. आमच्यासारखे थोडेच कॅमेरे बाहेर पडले आणि कारखान्याला कुलूप लागलं. मी दुर्मीळ आहे तो एवढ्यासाठी, की आम्हाला फारसं कुणी घेतलंच नाही. कौतुक करणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, आणि मी तरी कशाला सांगू?

मला घेतलं ते एका फर्निचर कंपनीने. तिथल्या फोटोग्राफर बाईंच्या हाताखाली मी माझी उमेदीची वर्षं काढली. कपाटं, टेबलं, दिवाण, खुर्च्या यांचे फोटो काढायचे आणि ते छापून गिऱ्हाइकांना पाठवायचे, हे आमचं काम. बाई कडक होत्या. खुर्चीचा एक पाय जरी तिरका दिसला तरी फोटो फाडून टाकायच्या. माझ्या अंगावर एक चिमुकली पाणसळ आहे, म्हणजे आतल्या बुडबुड्यावरून मी समतल उभा आहे की नाही ते दाखवणारी नळी. घाईच्या वेळी बाई तिच्याकडे बघतही नसत. दुधी काचेवर बारीक चौकोन आखलेले आहेत, त्यातली उभी रेघ बाई मागच्या भिंतीच्या कडेला जुळवायच्या आणि म्हणायच्या, "भिंत सरळच असते." या धंद्यातली सगळी माणसं असंच करतात. मलाही ते पटलं होतं. माझं नाव निघायचं तेव्हा लोक म्हणायचे, याच्यातून काही वाकडं येणारच नाही.

मग लहान, चटपटीत कॅमेरे आले. बाई निवृत्त झाल्या. मला एका पत्र्याच्या पेटीत घालून जिन्याखाली सारलं, आणि वरून कुणीतरी तुटके ड्रॉवर रचले. किती वर्षं गेली ते मला कळलं नाही. पाणसळीतलं पाणी आटून गेलं, एवढं मात्र कळलं.

कंपनी बंद झाली तेव्हा गोदाम रिकामं करायला माणसं आली. त्यांच्या मागोमाग फोटोमामा आले. हे त्यांचं टोपणनाव. गल्लीतली सगळी पोरं त्यांना तसंच म्हणत, आणि पोरांचे आईबापही. त्यांचा ओळखपत्राच्या फोटोंचा स्टुडिओ होता. उभा जन्म त्यांनी "मान सरळ, हनुवटी जरा खाली" म्हणण्यात घालवला होता. आता स्टुडिओत गिऱ्हाईक येत नव्हतं आणि मामा एकटेच होते. गोदामात ते एक स्टूल मिळतंय का बघायला आले होते. स्टूल राहिलं बाजूला. पेटीचं झाकण उघडलं आणि मामा चक्क फरशीवर बसले.

"अहो, हे काय आहे माहितेय तुम्हाला?" त्यांनी राखणदाराला विचारलं.

"नाही बुवा. शिवणाच्या मशीनचं काहीतरी असेल. पण नेणार असाल तर आत्ताच न्या, पाय अडखळतो त्यात."

मामांनी आपल्या सदऱ्याच्या टोकाने माझं भिंग पुसलं. अशा पुसण्याने भिंगावर ओरखडे पडतात हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण त्या क्षणी त्यांना काही सुचत नव्हतं. इतक्या वर्षांनी मला माणसाचा हात लागला होता. मीही सगळं विसरलो.

मामांची थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. मामा दोन्ही वेळा तिच्याकडे जेवायला जात. ताईंनी त्यांना लहानपणी बोटाला धरून शाळेत पोचवलं होतं, आणि ते बोट अजून सुटलेलं नव्हतं. घरात ताईंचा शब्द चाले. मामा मला खांद्यावर घेऊन गेले तेव्हा त्या दारातच कडाडल्या, "हे धूड आता माझ्या स्वयंपाकघरात ठेवणार आहेस की काय?" पण उन्हात दुधी काचेवरचं चित्र दिसत नाही, त्यासाठी डोक्यावरून काळं कापड घ्यावं लागतं, हे ऐकल्यावर त्यांनी आपली काळी शाल काढली, तिला आतून अस्तर लावलं आणि दुसऱ्या दिवशी मामांच्या अंगावर टाकली. "घे. आणि उन्हात फार वेळ उभा राहू नकोस."

त्याच शालीखाली मी त्यांचा घात केला.

ताईंचं घर गल्लीच्या टोकाला होतं. अरुंद, तीन मजली, उताराच्या रस्त्याला लागून. खालच्या मजल्यावर ताई, त्यांचा मुलगा आणि सून. वर एक शिंपीणबाई. ताईंचं गेले काही महिने एकच म्हणणं होतं, की घर एका अंगाला कलतंय. लोकरीचा गुंडा जमिनीवर ठेवला की घरंगळत त्याच कोपऱ्यात जातो. कपाटाचं दार आपोआप उघडतं. पातेल्यात पाणी एका बाजूला जास्त चढतं.

"आई, जुनं घर आहे. फरशी बसली असेल थोडी," मुलगा म्हणायचा. त्याने नुकतीच घराची रंगरंगोटी केली होती. घर सोडा, दुरुस्ती करा, असलं काही ऐकायची त्याची तयारी नव्हती.

"फरशी नाही रे, घर बसलंय. मी दिवसभर इथे असते. तू संध्याकाळी येतोस आणि पंख्याकडे बघत पडतोस."

असं रोज चाले. शेवटी ताईच म्हणाल्या, "तुझ्या त्या खेळण्याने घराचा फोटो काढ रे. त्यात काही वाकडं लपत नाही म्हणतोस ना? मग बघू दे यांना एकदा."

मित्रांनो, हे त्या स्वतः म्हणाल्या. माझ्यावर त्यांचा भरवसा होता.

रविवारी मामांनी मला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. वारा अजिबात नव्हता. ताई दाराशेजारी उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून, निरीक्षक तपासणीला आल्यासारख्या. मामा शालीखाली शिरले. दुधी काचेवर चित्र उलटं पडतं, डोकं खाली आणि पाय वर, पण कडा सरळ आहे की तिरकी ते कळतं. मामांनी घराची कड आणि काचेवरची उभी रेघ पाहिली. दोन्ही जुळत नव्हत्या.

"च्यायला, कॅमेरा कललाय," मामा पुटपुटले.

माझी पाणसळ कोरडी होती. रस्ता उताराचा, त्यामुळे जमिनीवरूनही काही ठरवता येईना. आजूबाजूला दुसरं घर नव्हतं. मग मामांनी तेच केलं जे या धंद्यातली माणसं करतात. भिंत सरळच असते असं धरून चालले. माझा खालचा स्क्रू सैल केला, मला किंचित एका बाजूला झुकवलं आणि घराची कड रेघेवर आणून बसवली. सगळं वजन माझ्या एका कुशीवर आलं, आणि मला कळलं की आधी मी सरळच उभा होतो.

बोलता आलं असतं तर मी बोललो असतो का? खरं सांगू, कदाचित नसतो बोललो. मामांचा चेहरा इतका खुलला होता, आणि मला पुन्हा एकदा कामाचा कॅमेरा व्हायचं होतं. साधा फोन असता तर पटकन काढला असता फोटो. घर वाकडं आलं असतं आणि खरं आलं असतं. मी नको तेवढा हुशार निघालो, त्याची मला आजही लाज वाटते.

फोटो धुऊन, वाळवून मामा जेवायच्या वेळी घेऊन गेले. मीही होतो सोबत, भाच्याला, म्हणजे ताईंच्या मुलाला, दाखवायचा म्हणून. फोटो टेबलावर ठेवला. घर झकास आलं होतं. खिडक्या, दारं, कठडे, सगळं आखून काढल्यासारखं. फक्त दाराशेजारी उभ्या असलेल्या ताई एका बाजूला कललेल्या दिसत होत्या.

भाचा टाळी देत हसला. "मामा, मानलं तुमच्या कॅमेऱ्याला! आई, बघ. घर ताठ उभंय, तूच कललीयेस!"

"आई, तुम्हाला चक्कर वगैरे येते का हो?" सुनेने काळजीने विचारलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

मामाही हसले. बहिणीला हसले नाहीत, आपला फोटो चांगला आला म्हणून हसले. पण ताईंना ते कसं कळावं? त्यांनी फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "मी अशी उभी होते?" त्या म्हणाल्या. नेहमीसारखा आवाज चढला नाही. त्यांनी फोटो खाली ठेवला आणि त्या सगळ्यांना वाढायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कानात बत्तीचा उजेड पाडून पाहिलं, एका पायावर उभं राहायला सांगितलं. आजवर कधी एका पायावर उभं राहायची वेळ न आलेल्या बाईचा तोल गेलाच. "वयोमानाने होतं असं," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ताईंना दिवसभर झापड येऊ लागली. चालताना त्या भिंतीला हात लावून चालू लागल्या. ज्या भिंतीबद्दल ओरडत होत्या, तिचाच आधार घ्यायला लागल्या. लोकरीचा गुंडा घरंगळला तर उचलून गुपचूप टोपलीत ठेवायच्या. कपाटाचं दार त्यांनी चिंधीने बांधून टाकलं.

भाच्याने फोटोला चौकट करून तो बाहेरच्या खोलीत लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. लोक म्हणायचे, "किती सुरेख! कुठला कॅमेरा?" मामा मला पुढे करायचे. ताई आतून ऐकत असायच्या. मित्रांनो, मला जिन्याखालच्या पेटीची इतकी आठवण त्यापूर्वी कधी आली नव्हती.

मग वरच्या शिंपीणबाईंना त्या फोटोची एक प्रत हवी झाली. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून शिवून झालेले कपडे पिशवीत घालून त्या दोरीने खिडकीतून खाली सोडत आणि गिऱ्हाईक खालच्या खाली पिशवी काढून घेई. फोटोत त्यांची ती पिशवी आली होती. "माझं दुकानच आलंय त्यात," त्या म्हणाल्या.

मामा प्रत तयार करून कडा कापायला बसले. मी समोरच होतो. त्यांनी पट्टी घराच्या कडेला लावली, आणि सरकवत सरकवत दोरीपाशी आले. तिथे त्यांचा हात थांबला. पट्टी आणि दोरी जुळत नव्हती. दोरी तिरकी लोंबत होती.

मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग पट्टी दोरीला लावली आणि तशीच हळूहळू ताईंपर्यंत नेली. ताईंच्या अंगाला ती अचूक लागली. डोक्यापासून टाचेपर्यंत.

मामा फोटो घेऊन निघाले. मला का उचललं त्यांनाच ठाऊक, पण मीही त्यांच्या खांद्यावर होतो. खालूनच त्यांनी वर हाक मारली, "बाई, त्या रविवारी वारा होता का हो?"

"वारा कसला? पंख्याखाली बसूनही घाम पुसत होते मी."

"मग पिशवी कुणी ओढत होतं का खालून?"

"छे! गिऱ्हाईक आलंच नाही, तासभर लोंबत होती नुसती. का हो मामा?"

लोंबणारी दोरी खोटं सांगत नाही, तिला कुणी सरळ करायला शिकवलेलं नसतं. दोरी सरळ होती आणि तिच्यासारख्याच ताईही. घर वाकडं होतं.

आत ताई भाजी निवडत होत्या. भाचा आणि सून सुट्टी म्हणून घरीच होते. मामांनी भिंतीवरचा फोटो चौकटीसकट काढला आणि ताईंपुढे जमिनीवर बसले.

"ताई, तू सरळ उभी होतीस. मी कॅमेरा वाकडा केला. घर सरळ दिसावं म्हणून."

भाचा म्हणाला, "मामा, काय बोलताय तुम्ही?"

"तू गप्प बस. तू हसलास, मीही हसलो. ही दोरी बघ आणि ही तुझी आई बघ."

भाच्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याने कपाटाच्या दाराला बांधलेली चिंधी सोडली. दार सावकाश उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

ताईंच्या हातातली जुडी तशीच होती. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"ठीक आहे गं," मामा म्हणाले.

"मग त्या गोळ्या?"

सुनेने उठून गोळ्यांची बाटली उचलली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचल्यामुळे पदरात धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी इमारती तपासणारे इंजिनियर आले. कोपऱ्याखालची सांडपाण्याची नळी फुटलेली होती आणि तिथली माती कधीपासून वाहून जात होती. "अजून थोडं थांबला असतात तर मला बोलवायची गरज पडली नसती," ते म्हणाले. "ढिगारा उचलणारे वेगळे असतात." मग त्यांनी विचारलं, "घर कलतंय हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?" सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मामांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फोटोत दिसलं म्हणतात." त्या वेळी मामांची काय अवस्था झाली ते मी सांगत नाही. माझी झाली तेवढी पुरे.

घराला लाकडी टेकू लागले, शिंपीणबाई आपल्या बहिणीकडे गेल्या आणि ताईंचं बिऱ्हाड मामांच्या स्टुडिओत आलं. इथली फरशी समतल आहे. लोकरीचा गुंडा ठेवला तिथे राहतो. पण ताई पूर्वीच्या ताई राहिल्या नव्हत्या. गोळ्या बंद झाल्या तरी त्या प्रत्येक गोष्ट विचारायच्या. "अरे, हा पाट सरळ मांडलाय का?" "ही चादर तिरकी दिसतेय की मलाच तसं वाटतंय?" एकेकाळी साऱ्या घराला हुकूम सोडणारी बाई विचारत होती. आणि मामा दर वेळी उठून, जवळ जाऊन, नीट बघून उत्तर द्यायचे. घराला टेकू देता आला. ताईंना कुठून द्यायचा हे कुणाला कळत नव्हतं.

एके दिवशी मामांनी मला पुन्हा उभं केलं. "ताई, तुझा एक फोटो काढतो. एकटीचा."

ताई आढेवेढे घेत उभ्या राहिल्या. मामा शालीखाली शिरले. बाहेरून ताईंचा प्रश्न आला, अगदी लहान आवाजात, "मी सरळ उभी आहे ना रे?"

मामांना काचेवर सगळं दिसत होतं. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांनी ते मिटलं. शालीतून बाहेर आले. "तू सांग, ताई."

"मी काय सांगू? मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

"तुझं तुला कळतं. तू सांग, मी थांबतो."

ताईंनी डोळे मिटले. पाय थोडे फाकून नीट रोवले. माझा भाता आखडला. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मी सरळ आहे," त्या म्हणाल्या. "तो वाकडा आहे."

मामांनी वाकून पाहिलं. माझ्या ट्रायपॉडचा एक पाय चटईच्या दुमडलेल्या काठावर चढला होता. मामांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"काढ तो पाय तिथून. हं. अजून थोडा. अरे, तिकडे नाही, इकडे! इतकी वर्षं फोटो काढतोस आणि उजवं-डावं कळत नाही? हं, आता बस." ताईंचा आवाज चढला होता. शेजारच्या दुकानातही गेला असेल. मामा घाम पुसत होते आणि हुकुमाबरहुकूम मला हलवत होते, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मला आजवर पुष्कळांनी सरळ केलं, पाणसळीने, पट्टीने, भिंतीने. इतकं नीट कुणीच केलं नव्हतं.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटेल मी जुन्या वस्तू जपायला सांगेन. नाही सांगत. मला जपलं नाही तरी चालेल, मी तेवढ्याच लायकीचा आहे. पण तुमच्या घरातलं कुणी, दिवसभर घरात असणारं कुणी, काहीतरी कलतंय असं म्हणालं, तर त्यांच्याकडे पुरावा मागू नका. उठा, आणि ते बसतात तिथे थोडा वेळ जाऊन बसा.